वाईटपणा घेणारा

पकडकाकांनी दारात चपला काढल्या आणि आतून धप् असा आवाज आला. मागचा पाय जमिनीवर आपटल्याचा. मग नखं फरशीवरून घसरत गेली आणि कपाटामागे सगळं गप्प झालं.

"आलात वाटतं," शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. तिनं मान वर केली नाही. गेले तीन आठवडे ते आल्याची वर्दी ठकीच देत होती.

ठकी म्हणजे ससा. खरं तर सशीण; राखाडी, दीड किलोची, एक कान कायम जरा आडवा. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत हीच ठकी संध्याकाळी दार वाजलं की धावत यायची, त्यांच्या पायांभोवती गोल गोल फिरायची आणि नाकातून घुं घुं करत राहायची. पाऊल उचललं तर ती चेंगरेल म्हणून काका हातातला डबा तसाच धरून खोलीच्या मधोमध खांबासारखे उभे राहायचे. "एवढी वाट मीसुद्धा कधी पाहिली नाही तुमची," असं बायको म्हणायची, आणि काकांना ते ऐकायला फार आवडायचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. जनावरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं ते मदतनीस होते आणि त्यांचं मुख्य काम म्हणजे धरणं. कुत्रा असो, बोका असो की कोणाचा पोपट, डॉक्टरांची सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत काकांनी धरायचं. दुखेल इतकं घट्ट नाही, निसटेल इतकं सैल नाही. म्हणून पकडकाका.

या कामात त्यांचा एक नियम होता. जनावराला टेबलावर घेतलं की ते मालकाला बाहेर पाठवत. "सुई लागली तेव्हा कोणी धरलं होतं ते यांच्या लक्षात राहतं," ते सांगत. "तुम्हाला त्याच्यासोबत राहायचंय. वाईटपणा माझ्याकडे राहू दे." काम झालं की मालक जनावराला पोटाशी धरून विचारायचे, कोणी त्रास दिला माझ्या सोन्याला, या काकांनी? देऊ या मार काकांना? काका मग स्वतःच हात पुढे करून दोन चापट्या खायचे.

याचा परिणाम असा झाला, की काका गल्लीतून चालू लागले की कुत्री रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि भिंतीवरची मांजरं घाईनं उतरत. ते हे सगळ्यांना हसत हसत सांगायचे. पण त्यांना त्याचं वाईट वाटायचं, रोज वाटायचं. घरात मूलबाळ नव्हतं. जन्मभर ज्यांच्यासाठी राबलो त्यांतलं एकही आपल्याकडे आपणहून येत नाही, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ठकी आली आणि ते बदललं. कोणीतरी घर बदलताना तिला बुटांच्या खोक्यात घालून दवाखान्याच्या बाकावर ठेवून गेलं होतं. काकांनी खोकं घरी आणलं. तिला कधी सुई लागलेली नव्हती, त्यामुळे काकांच्या हातांबद्दल तिचं काही वाईट मत नव्हतं. आठ दिवसांत ती त्यांची झाली. बायकोला मात्र ती पिंजऱ्यात हातही घालू देत नसे, गुरगुरून चावायला धावायची.

मग वर्षभरानं ठकी स्वतःच्या छातीचे केस उपटू लागली. शिलाईच्या चिंध्या आणि ते केस गोळा करून कोपऱ्यात घरटं करायची, त्यावर बसून राहायची आणि पिल्लं काही यायची नाहीत. दोन-तीन महिन्यांत तीनदा झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सशिणींच्या गर्भाशयात पुढे गाठी होतात, वेळेत ते काढून टाकलेलं बरं. काकांनी लगेच ऑपरेशनचा दिवस ठरवला.

त्या दिवशी दवाखान्यात दुसरा मदतनीस हजर होता. त्यानं दोनदा विचारलंही, की मी धरतो. पण ठकीला दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हजारो मालकांना बाहेर घालवणाऱ्या काकांनी स्वतःची ठकी स्वतःच टॉवेलात गुंडाळली आणि स्वतःच धरली. घरी आल्यावर दोन दिवस ती खाईना. ससा खायचा थांबला की जिवावर बेततं, म्हणून काकांनी तिला दर तीन तासांनी पुन्हा गुंडाळून, सुई काढलेल्या पिचकारीनं पातळ लापशी आणि दुखण्याचं औषध पाजलं. बायकोला ते बघवत नव्हतं; ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी ठकीनं आपणहून पाल्याला तोंड लावलं. काका आनंदानं पुढे झाले, आणि तेव्हा पहिल्यांदा तो पाय आपटला.

जखम भरली. वजन वाढलं. घरटं बांधणं थांबलं, चावणंही थांबलं. आणि ठकी जाऊन बसू लागली ती मशीनच्या पायडलजवळ, बायकोपाशी.

काकांनी साबण बदलला. दवाखान्याचे कपडे दवाखान्यातच ठेवायला सुरुवात केली. एका रविवारी गाजराचा पाला तळहातावर घेऊन ते तासभर फरशीवर पालथे पडून राहिले. ठकी वीतभर अंतरावर आली, मान लांबवून हात हुंगला, आणि पाला तसाच टाकून परत गेली.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या वयानं लहान होत्या आणि खोटं बोलणं त्यांना जमत नसे. पायांभोवती फिरणं, घुं घुं करणं ही माजाची लक्षणं असतात, त्या म्हणाल्या, गर्भाशय आणि बीजकोश काढले की ती जातात. भीती बसली आहे ती मात्र कदाचित जाईल, कदाचित नाही.

"म्हणजे ती माझ्यासाठी फिरत नव्हती?"

"तसं नाही हो काका," बाई म्हणाल्या. आणि समोरचे कागद चाळत राहिल्या.

काकांनी ते घरी सांगितलं नाही. माज तर माज, त्यांना वाटे, पण एकदा तरी पुन्हा यावी. एकदाच पायाशी यावी.

एका शनिवारी दवाखाना अर्धा दिवस होता. काका घरापाशी आले तर दार किलकिलं होतं. आत बायको मशीनला टेकून फरशीवर बसली होती. तिच्या पावलावर ठकीनं हनुवटी ठेवली होती आणि बायको बोलत होती. ती फारसं बोलणारी बाई नव्हती. निदान काकांची तशी समजूत होती.

"मीसुद्धा केलं होतं गं घरटं," ती सांगत होती. "लग्नानंतर पहिली दोन वर्षं. एवढी एवढी झबली शिवून ट्रंकेत ठेवली होती, बारा की तेरा. यांना माहीत नाही. मग एकीला देऊन टाकली."

काका दोन पावलं मागे सरले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसले, आणि मग पाय वाजवत घरी आले. धप् झालंच.

नखं वाढली होती. पुढच्या आठवड्यात ठकीचं एक नख चिंधीत अडकलं, तेव्हा कापणं टाळता येईना. काका आतल्या खोलीत कात्री आणि टॉवेल काढून ठेवत होते, तर बायको ठकीला कडेवर घेऊन आली.

"मी धरते आणि मीच कापते," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"लोकांना तुम्ही हेच सांगता ना? माझ्यावर रागावू दे की. मग येईल तुमच्याकडे." ती ठकीच्या कानामागे खाजवत होती. "मला काय, मशीन आहे."

काका बाहेर गेले, दार ओढून घेतलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. आत ठकी धडपडेल, घाबरेल, आणि दार उघडलं की धावत सुटेल. कोणाकडे? घरात आणखी होतं कोण? त्यांना ते फार हवं होतं. आतून बायकोचा आवाज येत होता, हळू, समजावणीचा. माफी मागावी तसा.

त्यांनी दार उघडलं.

"दे इकडे. तुला जमायचं नाही. नखात नस असते, तिला लागलं की रक्त लवकर थांबत नाही."

"जमेल मला."

"नाही जमायचं. सत्तावीस वर्षं करतोय मी हे. तू जा, तुझं काम पडलंय तिकडे."

बायकोला कळलं असावं. टॉवेल त्यांच्या हातात देऊन ती गेली आणि जाताना तिनं दार लावून घेतलं.

काकांनी ठकीला गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. ती आधी झटापटली, मग सशांच्या रीतीप्रमाणे भीतीनं निपचित पडली. तिचं काळीज त्यांच्या मनगटावर धडधडत होतं. सशाला अठरा नखं असतात; काकांना ती कापायला चार मिनिटं पुरतात. त्यांनी एकेक बोट बाजूला करून, उजेडाकडे धरून, नख सावकाश कापलं. मग कात्री खाली ठेवली. टॉवेलाबाहेर आलेल्या आडव्या कानावर एक बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले.

बाहेर मशीन थांबलं.

"झालं का हो?" बायकोनं विचारलं.

अठराही नखं समोर फरशीवर पडली होती.

"दोन राहिलीत," काका म्हणाले.