हलकी गाडी

चावडी अगदी समोर आली आणि गाडीने दोन उचक्या देऊन जीव सोडला. माणिकने हँडलची मूठ पिळली, पुन्हा पिळली. इंजिनातून नुसता फुस्स आवाज आला. मागे बसलेले भिवाजी, त्याचे वडील, गाडी पुरती थांबायच्या आतच खाली उतरले होते.

"पडली का?" चावडीच्या ओट्यावरून उकंडरावाने विचारलं. दिसत होतं ते विचारायची त्याची खोडच होती.

"पडली," भिवाजी म्हणाले.

"मानक्या, लेका म्हैस घेतली असती त दूध तरी देल्लं असतं!"

ओटा खदखदून हसला. वऱ्हाडातल्या मालेगावच्या पंचायत समितीच्या कचेरीत त्याला सगळे माणिकराव म्हणत. गावात शिरलं की तो मानक्या व्हायचा, आणि चावडीसमोर तर हमखास. तो खाली उतरला. उतरावंच लागलं. हँडल धरून तो ओढू लागला आणि भिवाजी मागून ढकलू लागले.

जगदेवराव पाटील खांबाला टेकून सुपारी कातरत होते. त्यांची मोटरसायकल कडुलिंबाखाली उभी होती. कंपनी तीच, टाकीवरचं नावही तेच, फक्त ती बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तिला स्टँडवर घ्यायला गडीमाणूस लागायचा. पाटील मोठ्याने हसत नसत.

"लोखंड पायजे बाबू, लोखंड," ते समजूत घातल्यासारखे म्हणाले. "तुह्या गाडीत हाय काय? पत्राच त हाय."

हे खरं होतं, आणि माणिकला तेच सर्वांत जास्त झोंबलं. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून त्याने ही गाडी घेतली होती. पहिल्याच महिन्यात मागचं पायदान जोडातून तुटलं. मग मडगार्डला चीर गेली. पाटलांच्या गाडीची साखळी लोखंडी पेटीत बंद होती. याच्या साखळीवर अर्धी पट्टी, आणि तीही खडखडायची. तो तणतणत अकोल्याला विक्रेत्याकडे गेला तर तिथल्या पोऱ्याने हसून चहा मागवला. "साहेब, लोखंड कमी केलं म्हणून तर पळते. वजन गेलं, वेग आला." कंपनीने लोखंडातले पैसे वाचवले होते आणि त्यालाच सुधारणा म्हणून विकायला काढलं होतं. चहा मात्र चांगला होता.

मग पेट्रोलचा कॉक गेला. टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा तो कान जुन्या गाडीत पितळेचा असे. नव्या गाडीत प्लास्टिकचा होता. उन्हाने तो वाळला आणि एके दिवशी बोटातच तुटून आला. उरलं हरभऱ्याएवढं टोक, बोटांनी धरता न येणारं. ते आत फिरलं आहे की नाही हे बाहेरून पाहून कुणाला कळणं शक्य नव्हतं. "चालूच राहू द्या," मालेगावचा मिस्त्री रतनसिंग म्हणाला. "पार्ट आला की लावून देईन." माणिकने ते चालूच ठेवलं आणि विसरून गेला.

गाडी चावडीसमोर बंद पडू लागली ती त्यानंतर.

शाळा ओलांडून रस्ता वळतो, तिथे चावडी दिसेनाशी होते. तिथल्या निंबाऱ्याच्या झाडाखाली बाप-लेक थांबले. माणिकने प्लग काढला, पुसला, परत बसवला. भिवाजी नेहमीसारखे गाडीच्या बाजूला उकिडवे बसले. पायात काटा गेला असावा, कारण कमरेचा चिमटा त्यांच्या हातात होता. शेतकरी माणसाच्या कमरेला चिमटा असतोच, आणि वऱ्हाडात काट्यांना काही तोटा नाही.

"आता मार," ते उठत म्हणाले.

तिसऱ्या किकला गाडी लागली. ती नेहमी इथेच लागायची. माणिकने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि घड्याळ पाहिलं. आणीबाणीचे दिवस होते. कचेरीत हजेरीवर लाल रेघ वेळेवर पडत होती, आणि त्याच्या नावापुढे ती बऱ्याचदा पडली होती. वडिलांना शेताच्या धुऱ्याशी उतरवून तो मालेगावच्या रस्त्याला लागला. गाडी सुरळीत चालत राहिली.

डबल सीट झेपत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. रविवारी तो एकटाच किन्हीराजाच्या बाजारात जायचा तेव्हा कधी बंद पडली नव्हती. संध्याकाळी परततानाही नाही. पण तेव्हा अंधार पडलेला असायचा आणि ओटा रिकामा. इंजिन दमतं, दुसरं काय? पत्र्याचं इंजिन बापाचं ओझं ओढून ओढून किती ओढणार? आता 'बाबा, तुम्ही पायी जा' असं म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनाच उतरवायचं?

कारण गाडी घेतली ती मालेगावला जायला नव्हे. मालेगावला एसटी जात होती. गाडी घेतली ती चावडीसमोरून बसून जायला.

त्यांच्या वस्तीतल्या माणसाने चावडीसमोर सायकलवरून उतरायचं, पायातलं हातात घ्यायचं आणि पुढे जाऊन मग चढायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं. उलट आता चावडीच्या भिंतीवर सरकारने गरिबांच्या भल्याची वीस कलमं रंगवली होती आणि त्यांच्याखाली बसूनच उकंडराव हसत असे. भिवाजी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक नाल्यात सोडले, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं, त्यापायी मारही खाल्ला. असा माणूस. पण सायकल चावडीजवळ आली की त्यांचा पाय आपोआप जमिनीला लागायचा. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसलेला माणिक त्यांना विचारायचा, "बाबा, काहून उतरता?" ते म्हणायचे, "चेन पडली." चेन जागेवर असायची. ते पोराला नीट दिसायचं.

नवी गाडी आली त्या सकाळी तो एकटाच चावडीसमोरून गेला होता, ताठ बसून. ओटा गप्प झाला. पाटलांचा अडकित्ता हातात तसाच राहिला. त्या शांततेची चव माणिकच्या तोंडात आठवडाभर होती. पुढे महिन्याभराने भिवाजी म्हणाले, "मले बी शेतापर्यंत सोडत जाय," आणि त्याला भरून आलं. बाप बसून जाणार. चावडीसमोरून, आपल्या मागे, बसून! त्याच सुमारास कॉकचा कान तुटला आणि सगळ्या आनंदावर पाणी पडलं.

उकंडराव म्हशीवरून बोलला त्या दिवशी संध्याकाळी, कचेरी सुटल्यावर, रतनसिंगने त्याला हाक मारली.

"कंपनीचा पार्ट काही येत नाही साहेब. पण हे पाहा."

त्याच्या तळहातावर पितळी कॉक होता. जुन्या मॉडेलची एक गाडी भंगारात निघाली होती, तिचा. लांब, जाड कान, घासून घासून सोन्यासारखा पिवळा झालेला.

"उभा म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. आंधळ्यालाही समजेल. ही चीज आता बनत नाही." त्याने कॉक बसवला आणि मागच्या पायदानालाही वेल्डिंगचा आणखी एक टाका मारून दिला. "आता बापाला घेऊन मुंबईला जा."

माणिक घरी पोचला तेव्हा भिवाजी जेवून झोपले होते. त्याने गाडी अंगणात लावली, कान उभा आहे ना हे हात लावून पाहिलं आणि आत गेला.

सकाळी तो ओसरीच्या खांबाला आरसा टांगून दाढी करत होता. आरशात अंगण दिसत होतं. भिवाजी रोजच्यासारखे फडक्याने गाडी पुसत होते. टाकी पुसली, दिवा पुसला. मग त्यांनी एकदा ओसरीकडे पाहिलं आणि टाकीखाली उकिडवे बसले. कमरेचा चिमटा काढला.

आणि थबकले. पितळेचा कान त्यांना दिसला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चिमटा परत कमरेला खोचला, दोन बोटांनी कान आडवा केला आणि उठून मडगार्ड पुसू लागले.

माणिकच्या गालावर वस्तरा तसाच राहिला. साबण वाळू लागला. त्याला एकदम सगळं आठवलं. 'जरा गरम होऊ दे इंजिन,' हे बाबांचं रोजचं म्हणणं. नळीत उरलेलं पेट्रोल. अंगणापासून चावडीपर्यंत पुरेल एवढंच. निंबाऱ्याखालचा काटा.

तो अर्धी दाढी तशीच ठेवून अंगणात आला. त्याने कानाकडे बोट दाखवलं.

"हे तुमी करत होते?"

भिवाजींनी फडकं झटकलं आणि दोरीवर नीट पसरलं.

"तीन महिने मले गावासमोर उतरवलं तुमी! म्या कंपनीले शिव्या देल्ल्या, रतनसिंगचं डोस्कं खाल्लं, कचेरीत बोलणी खाल्ली. आन् तुमी... कायले?"

"हळू बोल. तुही माय आइकते."

"कायले, बाबा?"

"तू नवी गाडी घिऊन ताठ गेला ना चावडीपुढून," भिवाजी म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शेताच्या वाटंवर काट्या टाकल्या होत्या. बाभळीच्या, मोठ्या मोठ्या. आपली वाट पाटलाच्या वावरातून जाते. तुले काय मालूम, तू कचेरीत."

"मले सांगतलं काहून नाई? तहसीलदाराकडं गेलो असतो."

"गेला असता. म्हूनच नाई सांगतलं." त्यांनी लेकाकडे पाहिलं. "अंधारात येतं तू घरी. एकटा. नाल्यातून."

माणिकने गालावरचा वाळलेला साबण मनगटाने पुसला.

"मंग गाडी बंद पडाले लागली. लोक हासाले लागले. काट्या उचलल्या त्याईनं, आपोआप. म्या सांगतलं बी नाई." भिवाजी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हासणाऱ्या माणसाले राग येत नाई, बापू. हासले त हासले. तू जित्ता पायजे मले."

"असं जित्तं राहून काय करू?"

भिवाजींनी दोरीवरचं फडकं पुन्हा सारखं केलं. आतून त्याच्या आईने, भागिरथेने, भाकरीची पिशवी आणून दिली आणि लेकाची अर्धी दाढी पाहून ती तशीच आत गेली.

माणिकने तोंड धुतलं. गाडीपाशी येऊन त्याने कान उभा केला, बापाच्या डोळ्यांदेखत. किक मारली. पहिल्याच किकला गाडी लागली.

"बसा," तो म्हणाला.

भिवाजी बसले. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला आणि त्या हाताची पकड त्याला शर्टातून जाणवत राहिली. आज उतरणार नाही, तो मनात म्हणत होता. काय व्हायचं ते होऊ दे. आज दोघंही बसून जाऊ, मग टाका म्हणावं काट्या! चावडीच्या अलीकडे सांडपाण्याची नाली आडवी वाहते, तिथे गाडी हळू करावीच लागते. त्याने हळू केली. नाली ओलांडली. गिअर बदलला आणि मूठ पिळली.

गाडी काय सुंदर उचलली! ना उचकी, ना धक्का. चावडी आली, ओटा आला, उकंडरावाचं उघडलेलं तोंड आलं, आणि सगळं मागे पडलं. इतक्या महिन्यांत ती अशी पळाली नव्हती. एकदम हलकी झाली होती.

मग त्याच्या लक्षात आलं की खांद्यावर हात नाही.

तो शाळेपुढच्या वळणावर थांबला आणि मागे पाहिलं. भिवाजी चावडीसमोर उभे होते. वहाणा त्यांच्या हातात होत्या. दुसरा हात कमरेवर होता. ते काहीतरी सांगत होते, कंबर चोळत, वाकून, गाडीच्या दिशेने मान हलवत. ओटा हसायला लागला. उकंडराव मांडीवर थाप मारून हसला. आज जगदेवरावही मोठ्याने हसले. त्यांचा आवाज वळणापर्यंत आला.

भिवाजी लंगडत निघाले. चावडीच्या टोकापर्यंत लंगडले, शाळेच्या भिंतीपर्यंत लंगडले. वळणावरून आत आले, तशा त्यांनी वहाणा पायात घातल्या आणि सरळ, झपझप चालत गाडीपाशी आले. त्यांना काहीही लागलेलं नव्हतं.

इंजिन चालूच होतं.

"पायदान तुटून पडलो म्हून सांगतलं म्या," मागे बसत ते म्हणाले. "पत्र्याची गाडी हाय, पटते त्याईले. चाल, तुले उशीर होऊन राह्यला."

आणि त्यांनी दोन्ही पाय पायदानावर नीट ठेवले.