शेपटीकडून निघालेली गोगलगाय

अवजड माल हलवण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं काढली, की साधं कपाट दिसलं तरी माझी नजर आधी जिन्याच्या वळणाकडे जाते. मी नेलेलं एक धुरांडं एवढं लांब होतं, की त्याचं टोक मुक्कामाला पोहोचलं तेव्हा बूड अजून कारखान्याच्या फाटकात चहा पीत होतं. हसायचं तर हसा. पण आता जे सांगतोय त्यात मला एक अक्षरही फुगवावं लागणार नाही, आणि ते काम माझं नव्हतं. माझ्या लेकीचं होतं.

नदीकाठच्या वीजघरात पाण्याच्या चक्राभोवती बसवायचं एक लोखंडी कवच न्यायचं होतं. पुढे दोन मजली घराएवढं तोंड, मग डावीकडे सुटलेलं पोट, मग वळत वळत बारीक होत गेलेली शेपटी. आमच्या माणसांनी बघताक्षणी त्याचं नाव गोगलगाय ठेवून टाकलं. चौकोनी मालाला डोकं लागत नाही, नुसती ताकद पुरते. पण जिची डावी बाजू बाळंतपणाला टेकलेली आणि उजवी उपाशी, तिला गावातून न्यायचं म्हणजे आधी रस्त्याची समजूत काढावी लागते.

ती समजूत काढायचं काम पूर्वी माझं होतं. मी घरी बसलो आणि माझ्या खुर्चीत लेक बसली. दिसेल ते मोजत सुटते म्हणून कामावर सगळे तिला फूटपट्टी म्हणतात. लहानपणी तिने झोपलेल्या आजोबांच्या मिशा मोजल्या होत्या. डावी मोठी निघाली.

आमच्यात एक रीत आहे. माल हलवण्याआधी त्याच मापाचा बांबूंचा सांगाडा बांधायचा, गाडीवर चढवायचा आणि अख्ख्या रस्त्यावरून फिरवून आणायचा. सांगाडा जिथे अडला तिथे माल अडणार. गोगलगायीचा सांगाडा सगळा रस्ता हसतखेळत गेला आणि शेवटच्या डाव्या वळणावर बाजारपेठेतल्या एका घराच्या कोपऱ्याला जाऊन टेकला. तळमजल्यावर शिंपीणबाईंचं दुकान. कोपऱ्यातच मोठी खिडकी, खिडकीत शिलाई मशीन.

असल्या जागी काय करायचं ते ठरलेलं होतं. कोपरा उतरवायचा, माल गेला की नवा बांधून द्यायचा. मी किती कोपरे उतरवले! एका न्हाव्याचं अर्धं दुकान काढलं तेव्हा आत गिऱ्हाईक होतं, त्याला उरलेली अर्धी दाढी उघड्यावर करून घ्यावी लागली.

मी आणि लेक शिंपीणबाईंना तेच सांगायला गेलो. सांगाडा बाहेर कोपऱ्याला टेकून उभा होता. बाई सुईत दोरा ओवत होत्या. दोन वेळा हुकला, तिसऱ्यांदा खिडकीकडे तोंड केलं तेव्हा गेला.

"नवी भिंत बांधून देणार म्हणता," त्या म्हणाल्या. "ती वाळेपर्यंत मी कुठे बसू? आत बसले तर मला काळ्या कापडावरची काळी शिवण दिसत नाही हो. या उजेडावर माझं पोट आहे."

मी तोंड उघडणार, तोच लेक बोलून गेली, "काकू, तुमची एक वीट हलणार नाही. माझा शब्द."

बाहेर आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "शब्द द्यायला तुझं काय जातं? गोगलगाय काय श्वास आत ओढून जाणार आहे?"

"बघते ना, बाबा."

"काय बघतेस? गाडीवर उलटी चढवलीस तर पोट उजवीकडे जाईल आणि पुलाच्या वळणावर कठडा घेऊन येईल. ते मी केव्हाच बघितलंय."

"उलटी चढवायची नाहीये." एवढंच बोलून ती खडूने रस्त्यावर रेघा मारत बसली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

तिची युक्ती मला माल निघायच्या सकाळी कळली, आणि ऐकून माझ्या हातातला पेला हातातच राहिला. गाडी वळणावर वळवायचीच नाही. सरळ पुढे काढायची, वळण मागे टाकायचं आणि मग रिव्हर्स घेत गल्लीत शिरायचं. तसं केलं की शिंपीणबाईंच्या घराकडे गोगलगायीची उपाशी बाजू येते, आणि सुटलेलं पोट जातं समोरच्या कोपऱ्यावर. तिथे खेळाचं मैदान, कमरेएवढा कठडा. पोट त्याच्या वरून अलगद निघून जाणार.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर आमच्या धंद्यातली गोष्ट आधी समजून घ्या. मालाच्या पुढच्या टोकाला आम्ही पांढऱ्या रंगाचा ठिपका लावतो. ते त्याचं नाक. नाक पुढे म्हणजे माल चालला. नाक मागे म्हणजे कुठेतरी अडला आणि तोंड लपवत परत निघाला. भर बाजारात माल उलटा चालवलेला ड्रायव्हर आमच्यात कोणी बघितलेला नाही.

आणि ड्रायव्हर कोण, तर लेकीचा सख्खा मामा. माझा मेहुणा. त्याच्या गाडीला इतकी चाकं, की एखादं पंक्चर झालं तर ते कुठलं हे शोधण्यात आठवडा जातो. गाडी वळणाच्या पुढे जाऊन थांबली. दोन्ही बाजूंना गच्च्या माणसांनी भरलेल्या. मामाने इंजीन बंद केलं आणि खाली उतरला.

"मामा, आता मागे घ्या," लेक म्हणाली.

"मी नाही घेत. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याला जमलं नाही, पळ काढला."

"लोक मला म्हणतील."

"तू अजून लहान आहेस, तुला चालून जाईल. मला या केसांवर नको हा डाग."

"कुठल्या केसांवर, मामा?"

गच्चीवरचे लोक हसले. मामाने टक्कल झाकायला टोपी खाली ओढली आणि माझ्याकडे बघितलं. "भावजी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं. कोपरा उतरवायला माणसं आणू का?"

शिंपीणबाई खिडकीत उभ्या होत्या. मशीनवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते, कोणी ते उचलून नेईल तसे. लेक मात्र माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर स्वतःच्या खडूच्या रेघेवर होती आणि हनुवटी थोडी पुढे आलेली. तिची आई असंच करते, आणि तशी हनुवटी पुढे आल्यावर तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

आयुष्यभर मी नाक पुढे ठेवूनच माल नेला. मी मान हलवली असती तर कोपरा गेला असता, आणि लेकीचा शब्दही.

"मला काय विचारतोस?" मी मेहुण्याला म्हटलं. "मी इथे गंमत बघायला आलोय. माल तिचा आहे."

मामा पुटपुटत वर चढला. काय पुटपुटला ते छापण्याजोगं नाही.

मग गोगलगाय शेपटीकडून निघाली. लेक गाडीच्या मागे उलटी चालत होती, एक हात वर. बोट हललं की मागची चाकं वळत, मूठ मिटली की सगळं जागच्या जागी. समोर पोट मैदानाच्या कठड्यावरून सरकलं. तिथली पोरं आडवी पडून त्याच्याखालून आकाश शोधत होती. इकडे उजवी बाजू भिंतीच्या जवळ आली. आणखी जवळ. गच्चीवरची बडबड थांबली. मूठ मिटली. लेक आली, भिंत आणि लोखंड यांच्या फटीत तिने हात घातला. तळहात आत गेला, मनगट अडकलं. तिने हात बाहेर काढला आणि बोट हलवलं.

भिंतीवरचा चुन्याचा पापुद्राही पडला नाही. शेवटी पांढरा ठिपका खिडकीवरून गेला तेव्हा शिंपीणबाई खुर्चीत बसल्या आणि अर्धी राहिलेली शिवण पुरी करू लागल्या. गच्चीवरून जो काय गलका झाला! मामा गाडीच्या खिडकीतून टोपी हलवत होता, जणू उलटं जायची कल्पना मुळात त्याचीच.

वीजघराच्या फाटकात तिथला इंजिनीअर धावत आला. "अरे वा! तोंड रस्त्याकडे करून आणलंत? पाण्याचा मोठा नळ तिकडूनच जोडायचाय. आत आल्यावर हे वळवायचं कसं, या काळजीने माझी झोप उडाली होती."

मी लेकीकडे बघितलं. ती शांतपणे हाताचा खडू झटकत होती. म्हणजे हेही धरलं होतं तिने, आणि मला बोलली नव्हती!

इंजिनीअरने माझे पांढरे केस बघितले आणि माझाच हात हातात घेतला. "अनुभव तो अनुभव. युक्ती तुमचीच असणार."

न कमावलेली शाबासकी मी आजवर कधी परत केलेली नाही.

"नाही," मी म्हटलं. "या पोरीची."

तो तिच्याकडे वळला, तिचा हात हातात घेतला आणि नकाशा दाखवायला तिला आत घेऊन निघाला. मी दोघांच्या पाठी बघत उभा राहिलो. पण माणसाने किती म्हणून गप्प राहायचं?

"पण तिला चालायला मीच शिकवलंय!" मी मागून ओरडलो.