पंख्याखालची मुलाखत

धाकटीच्या सिनेमात आवाजाचं काम माझ्याकडे होतं. सिनेमा आमच्याच घरावर: दोन बहिणी, एक आई आणि घरात कधीच न बोलल्या गेलेल्या गोष्टी. दिग्दर्शन तिचं, कॅमेऱ्यावर तिची मैत्रीण, रेकॉर्डर माझ्या खांद्यावर. "सगळ्या बायकाच आहोत," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची, "त्यामुळे इथे कुणी कुणाला वापरून घेत नाही." मी नंदीबैलासारखी मान डोलवायची.

शूटिंगच्या पाचव्या दिवशी दुपारी आईची मुलाखत होती. धाकटीने विचारलं, "लग्नाआधीचं काही सांग ना." आईचा चेहरा पडला, डोळे भरले. एरवी मुलाखत संपली की तिच्या पदराला लावलेला बिनतारी माइक मी आधी काढते. त्या दिवशी मी पाण्याचा पेला आणायला धावले आणि येईपर्यंत धाकटी तिला समजवायला माइकसकट आतल्या खोलीत घेऊन गेली होती.

आमच्या कामात प्रत्येक खोलीचा एक मिनिट नुसता आवाज घ्यावा लागतो. फ्रिज बंद, खिडक्या बंद, माणसं बाहेर. गप्प खोलीचाही स्वतःचा एक आवाज असतो, तो नंतर तुकडे जोडताना खाली घालतात. कॅमेरावालीला बाहेर पाठवून मी हेडफोन लावून उभी राहिले. वीसेक सेकंद गेले असतील, तोच कानात आई बोलली.

"ताईचा बाप गेला एवढं तरी तिला आज सांग. कॅमेऱ्यासमोर नको गं."

"आई, आपलं ठरलंय ना. उद्याच सांगायचं. तिच्या चेहऱ्यावर खरं काय उमटतं ते मला एकदाच मिळणार आहे."

आमचे बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. शेवटची तीन वर्षं त्यांना भरवणारी, पुसणारी मी होते. त्यांच्या जाण्याची बातमी मला उद्या कोण देणार होतं? म्हणजे हा बाप दुसराच कुणीतरी होता. ते मिनिट पुरं न करताच मी आत गेले.

"माइक चालू आहे," मी म्हटलं.

आईने तोंडावर हात ठेवला. मग तुटक तुटक सांगितलं. पहिलं लग्न, पटेना म्हणून मला कडेवर घेऊन निघून येणं, मग बाबा आणि बाबांनी मला दिलेलं त्यांचं नाव. तिचाही मला राग आलाच. पण ती का बोलली नसेल हे मला निदान कळत तरी होतं.

"तुला कधी कळलं?" मी धाकटीला विचारलं.

"आठ महिने झाले. फोटो शोधताना कपाटात कागद सापडला. मी भेटले त्यांना, मुलाखतही घेतली."

"मला भेटायचं म्हणाले नाहीत ते?"

"म्हणाले." ती खाली बघत होती. "मी म्हटलं, शूटिंग झालं की घेऊन येते. ते आजारी आहेत हे मला माहीत नव्हतं, तुझी शपथ. मागच्या महिन्यात गेले."

आठ महिने. या आठ महिन्यांत ही माझ्या घरी येऊन पोटभर जेवली. घरातली गुपितं बायकांची आयुष्यं कशी नासवतात, यावर तिने मलाच व्याख्यानं झोडली. आणि स्वतः मात्र माझा बाप मुठीत धरून बसली, कारण मी रडायची ती हिच्या सोयीने, हिच्या उजेडात. एक माणूस माझी वाट बघत मेला आणि हिचं वेळापत्रक तेवढं चुकलं नाही.

"दाखव," मी म्हटलं.

"ताई, रागावू नकोस. तू बघत असताना कॅमेरा लावू का? लांबूनच."

मी काही बोलायच्या आत, एव्हाना दारात येऊन उभ्या राहिलेल्या कॅमेरावालीने लेन्सवर झाकण लावलं आणि ती बाहेर निघून गेली.

लॅपटॉपवर खुर्चीत एक वाळलेला म्हातारा बसला होता. माझंच रुंद कपाळ, माझ्यासारखेच बाहेर आलेले कान. त्याच्या डोक्यावर पंखा गरगरत होता आणि माइक होता तो थेट कॅमेऱ्यावरचा, चांगला दहा फूट लांब. मला नेता येत नव्हतं म्हणून हिने सगळं एकटीनेच उरकलं होतं. अर्ध्या तासात माझ्या हाती लागलं ते "खांद्यावर" आणि "झोपायचीच नाही". बाकी खडखड. एकदा तो पुढे वाकून बराच वेळ काहीतरी बोलला आणि त्याने डोळे पुसले.

"आवाज तू साफ करशील ना?" धाकटी हळूच म्हणाली. "म्हणूनच दुसऱ्या कुणाला दिलं नाही. तुझ्याइतकं कुणाला जमत नाही."

थोबाडीत मारावीशी वाटली. तरी बसले, तासभर खपले. पंखा कमी केला की त्याचा आवाजही कमी व्हायचा, तो वर आणला की पंखाही वर यायचा. शेवटी हेडफोन काढून ठेवले.

"डोळे पुसायच्या आधी ते काय म्हणाले? तू समोर होतीस. शब्दाला शब्द नको, नुसतं काय ते सांग."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आठवत नाही गं ताई. खिडकीतला उजेड सारखा बदलत होता. मी फ्रेम बघत होते."

माझा बाप अर्धा तास माझ्याबद्दल बोलला होता, आणि ऐकायला तिथे कुणीच नव्हतं.