फोन ठेवू नका हं

‘आमच्या न्हाणीघरातील नळ गेले आठ दिवस सतत ठिबकत असून घट्ट बंद केला तरी थांबत नाही, तरी कृपया उपाय सुचवावा.’ एवढं सगळं सर्चच्या चौकटीत लिहून मास्तरांनी शेवटी पूर्णविराम दिला, चष्मा पुसला आणि उत्तराची वाट पाहत बसले.

उत्तर आलं. एक कंपनी अख्खं न्हाणीघर नव्याने बांधून द्यायला तयार होती. एका डॉक्टरांकडे सतत ठिबकण्यावर औषध होतं, पण ते नळासाठी नव्हतं. आणि एका कवीने ठिबकणाऱ्या नळावर सोळा कडव्यांची कविता केली होती. मास्तरांनी ती पूर्ण वाचली.

“बरी आहे,” ते म्हणाले. “पण नळाचं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नाही.”

“सरका,” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, म्हणाल्या.

मास्तरांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. मुलांना ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ म्हणता म्हणता अर्धं वाक्य बोलण्याची त्यांची स्वतःचीच सोय उरली नव्हती. बाई मात्र न्हाणीघरात गेल्या, नळापुढे वाकल्या आणि त्याच्या मानेवर कोरलेलं कंपनीचं नाव आणि नंबर वाचून आल्या.

“बंद करायला किती फिरवावा लागतो?”

“अर्धा फेरा फिरवावा लागतो.”

“मग आत वॉशर नाही, फिरणारा स्पिंडल असणार.” त्यांनी कंपनी, नंबर, ‘स्पिंडल बदलणे’ एवढंच लिहिलं. तिसऱ्या ओळीला एका व्हिडिओत एक टकला प्लंबर हातात पाना घेऊन नेमका हाच नळ खोलत होता.

“हे कसं काय?” मास्तर म्हणाले.

“अहो, तुम्ही तुमचा त्रास लिहिता. तुमच्या त्रासाबद्दल जगात कोणी काही लिहिलेलं नाही. प्लंबर काय लिहील ते लिहायचं.”

हे ज्ञान बाईंना सुनेने फोन घेऊन दिला तेव्हा मिळालं नव्हतं. टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात, खिडकीकडून चौथ्या खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून त्यांनी एकोणतीस वर्षं तेच केलं होतं. लोक विचारत, “तो दातांचा डॉक्टर हो, ज्याच्या जिन्याखाली शिंपी बसतो.” डिरेक्टरीत जिना नसे, शिंपीही नसे. तिथे आडनाव असे, धंदा असे, रस्ता असे. लोकांचा प्रश्न डिरेक्टरीला समजेल असा करून घ्यायचा आणि डिरेक्टरीतलं उत्तर लोकांना समजेल असं सांगायचं, आणि हे सगळं तीस सेकंदांत, कारण मागे सुपरवायझर घड्याळ घेऊन फेऱ्या मारी. पुढे डिरेक्टरी गेली, विभाग गेला, सुपरवायझरही गेला. सवय राहिली. हल्ली आजूबाजूच्या चार जिन्यांवरचे लोक हरवलेल्या वॉरंट्या, बंद पडलेल्या शिलाई मशीनचे भाग आणि नातवंडांच्या शाळेचे फॉर्म घेऊन बाईंकडे येत. येताना फोन घेऊन येत आणि जाताना आपल्याला नक्की काय हवं होतं ते कळून जात.

दुपारी स्पिंडल बसला. ठिबक थांबली. मास्तर पाच मिनिटं नळापुढे उभे राहून शांतता ऐकून आले.

“सगळ्या गावाचे नळ शोधतेस,” ते म्हणाले. “तुझी पाच नंबर काही शोधत नाहीस.”

बाई स्वयंपाकघराचा कट्टा पुसत होत्या. हात थांबला नाही, पण पुसलेलाच भाग पुन्हा पुसला गेला.

चौकशी विभागात नावं नव्हती, खुर्च्या होत्या. बाई चार नंबर. शेजारची पाच नंबर. एकोणीस वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. फोनवर थांबवताना खात्याचं वाक्य होतं, “कृपया प्रतीक्षा करा.” पाच नंबरने ते जन्मात उच्चारलं नाही. ती म्हणे, “फोन ठेवू नका हं, मी आहे.” सुपरवायझर चिडे. “तू आहेस हे त्यांना दिसतंय की ऐकू येतंय?” पाच नंबर म्हणे, “दिसत नाही ना साहेब, म्हणून तर सांगतेय त्यांना.”

एका दुपारी बाईंच्या आईचं ऑपरेशन होतं. रजा नाकारली गेली. बाई खुर्ची सोडून कॉरिडॉरमधल्या फोनवर दोन तास उभ्या राहिल्या आणि पाच नंबरने दोन खुर्च्यांवरचे दोन हेडफोन एकेका कानाला लावून दोन्ही लाइनी चालवल्या. त्या गडबडीत चारच्या लाइनवरून एका माणसाला गुरांच्या डॉक्टरऐवजी गाणं शिकवणाऱ्या बाईंचा नंबर दिला गेला. गाय वाचली, पण तक्रार आली. चौकशीत पाच नंबर सरळ म्हणाली, “चार नंबर जागेवरच होती. मीच मधे हात घातला.” मेमो तिच्या फाइलला लागला. पुढच्या वर्षी दोघींपैकी एकीला, खुर्ची तीच पण पगार वरचा, अशी बढती मिळायची होती, ती स्वच्छ फाइलवालीला मिळाली. पाच नंबरची परगावी बदली झाली. निरोपाच्या दिवशी बाई तिच्याशी चहात साखर कमी आहे या विषयावर बोलल्या. बाकीचं पत्रात लिहू म्हणाल्या, आणि ते पत्र तेवीस वर्षं उद्यावर राहिलं.

“शोधलं नाही असं नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “नावच असं आहे तिचं, रस्त्यात हाक मारली तर चार बायका वळून बघतील.”

“बघू तरी.”

बाईंनी नाव आणि आडनाव अवतरणचिन्हांत टाकलं, म्हणजे दोन्ही शब्द जोडीनेच सापडावेत. दोन लाख उत्तरं आली. पहिली चाळीस एका नटीची होती. नको असलेला शब्द उणे चिन्ह लावून वजा करायचा हे सुनेने शिकवलं होतं. बाईंनी ‘मालिका’ वजा केलं. नटी गेली. निवडणूक हरलेली एक बाई वर आली. ‘निवडणूक’ वजा केलं. ती दुसऱ्यांदा हरली. मग राहिल्या त्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या छोट्या बातम्या, शेवटच्या पानावरच्या.

मास्तर पडद्यावर वाकले.

“त्यांतही बघायला हवं ना,” मास्तर हलकेच म्हणाले. “अडुसष्टची असेल ती.”

“एकोणसत्तर.” बाईंनी चष्मा नीट केला, उणे चिन्ह टाकलं आणि पुढे लिहिलं, ‘निधन’.

“अगं, असं वजा केल्याने काही...” मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांनी वाक्य अर्धं सोडलं.

उरलेल्यांत एक दंतवैद्य होती, एक बारा वर्षांची बुद्धिबळपटू होती. पाच नंबर नव्हती. बाईंनी फोन पालथा ठेवला.

“म्हणजे मीही नळासारखंच केलं,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

“कसं?”

“माझ्याकडे काय आहे ते लिहिलं. तिचं नाव. पण तिच्याबद्दल लिहिणारा माणूस तिचं नाव कशाला लिहील? तिचं नाव ठाऊक होतं कोणाला? आम्हालाच नव्हतं, पहिली दोन वर्षं.”

“मग काय लिहील?”

बाईंनी फोन उचलला. चौकटीतलं सगळं पुसलं, उणे चिन्हासकट. अवतरणचिन्ह उघडलं, ‘फोन ठेवू नका हं, मी आहे’ असं लिहिलं आणि चिन्ह बंद केलं.

दोन लाखांची तीन उत्तरं झाली. पहिलं एका विमा कंपनीवरच्या तक्रारीचं होतं आणि उपरोधाने लिहिलेलं होतं. दुसरं एका विनोदी लेखाचं. तिसरं एका हॉस्पिटलच्या पानावर, रुग्णांच्या अभिप्रायांत, कोणा मुलीने लिहिलेलं: ‘बाबांना आत नेलं तेव्हा मी परगावी होते. चौकशीच्या फोनवर एक वयस्कर बाई होत्या. दर दहा मिनिटांनी आत विचारून येत आणि जाताना म्हणत, फोन ठेवू नका हं, मी आहे. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.’ तारीख मागच्याच महिन्याची. खाली चौकशीचा नंबर. वेळ सकाळी दहा ते एक.

“तीच कशावरून?” मास्तर म्हणाले. भूगोलाच्या माणसाला नकाशावर दोन खुणा लागतात.

“तीच,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला. पाच मिनिटं मुद्दाम दिली. खुर्चीवर बसल्या बसल्या कोणाला बोलायला आवडत नाही, हे त्यांना माहीत होतं. साडी बदलली होती. तेवीस वर्षांचं पत्र तोंडपाठ होतं.

“चौकशी. बोला.”

आवाज जरा खरखरीत झाला होता. तोंडपाठ पत्र कुठेतरी गेलं.

“चार नंबर बोलतेय,” बाई म्हणाल्या.

 मागे कोणीतरी ढकलगाडी नेत असल्याचा आवाज.

“जागेवर आहेस ना?” पाच नंबरने विचारलं.

“आहे. ऐक, मला तुला त्या मेमोचं...”

“आत्ता नको गं. दोन लाइनी वाजतायत, एकीचा नवरा आत आहे. थांबशील?”

“थांबते.”

“फोन ठेवू नको हं. मी आहे.”

मग पलीकडून नुसता हॉस्पिटलचा गलबला येत राहिला. मास्तरांनी चहा आणून ठेवला. दहा मिनिटांनी ते पुन्हा डोकावले. चहा तसाच होता, फोन कानाला तसाच.

“कोणी बोलत नाहीये का? ठेव ना मग, पुन्हा लाव.”

बाईंनी मान हलवली. मग मोकळ्या हाताने शेजारची खुर्ची थोडी जवळ ओढून घेतली आणि पाठ ताठ करून, एकोणतीस वर्षं बसत तशा, बसून राहिल्या.