साडेसाती त्यांची, पोट माझे

मी एक म्हातारा कुत्रा आहे, रंगाने काळा. मित्रांनो, रंग मुद्दाम सांगतो, कारण माझ्या पोटाचे हाल त्याच्यापायी झाले आणि तो राग अजून गेलेला नाही.

सिंदी रेल्वे या गावचे कापसाचे व्यापारी भैय्याजी यांच्याकडे मी पिल्लू असल्यापासून आहे. त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई मला रोज ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी घालत. ती खाऊन मी कापसाच्या गंज्या राखत असे. येणारेजाणारे माझे कौतुक करत.

सत्त्याण्णव साली एका गंजीला आग लागली. जोतिष्याने भैय्याजींना साडेसाती सांगितली आणि उपाय दिला, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलात भिजवलेली पोळी घालण्याचा. भैय्याजींना वाटले, रोजच घातली तर शनी लवकर उतरेल. माझी भाकरी त्याच दिवशी बंद झाली. शेजारच्या प्रभाकररावांनाही साडेसाती होती. तेही तेलात तळलेले गोड गुलगुले घेऊन येऊ लागले.

पोट बिघडले. मी ओकलो, अंगण घाण केले, पाय लटपटू लागले. मला शिव्या मिळाल्या आणि पुन्हा तीच पोळी. एका शनिवारी मी तोंड फिरवले, तेव्हा भैय्याजी घाबरले. कुत्र्याने घास नाकारला म्हणजे अपशकून.

"खा बे, मले बुडवतं का?" म्हणत त्यांनी माझा जबडा उघडून पोळी कोंबली. त्यांना चावावेसे वाटले, पण अंगात तेवढा जीव नव्हता.

शेवटी रुख्मिणीबाई खवळल्या. "तुमची साडेसाती या मुक्या जिवाच्या पोटात काऊन कोंबून राह्यले? मरून राह्यला तो." त्यांनी मला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले.

"बाई, खाणं एका दिवसात बदलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "जुन्यात थोडंथोडं नवीन मिसळत न्यायचं. आन एवढं तेल तर द्यायचंच नाई."

सलाईन लागले, मग पातळ भात मिळाला. मी वाचलो.

भैय्याजींनी मात्र उपाय सोडला नाही. स्टेशनरोडवर एक काळे पिल्लू होते, आईच्या दुधावरून नुकतेच सुटलेले. पोळ्या तिकडे जाऊ लागल्या. काही दिवसांत ते दिसेनासे झाले.

"गेलं, माहा शनी घेऊन गेलं," भैय्याजी म्हणाले आणि निवांत जेवायला बसले.

मित्रांनो, कुत्र्याचे खाणे बदलायचे तर हळूहळू बदला. आणि घरातले मोठे माणूस तेलाची पोळी घेऊन निघाले, तर दारात आडवे उभे राहा. मी निदान तोंड फिरवले होते. त्या पिल्लाला अजून धड भुंकताही येत नव्हते.