उघडायची कणगी

मित्रांनो, मी कणगी आहे. जुनी आहे, आणि रागावलेली आहे. राग निवळला की सांगेन असे ठरवून चार हिवाळे थांबले. तो निवळत नाही, म्हणून आता तशीच सांगते.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे, लेसोथोच्या डोंगरात, जिथे गाडीरस्ता संपतो आणि पुढे घोड्यावरून जावे लागते, तिथल्या एका गोल दगडी घरात माझा जन्म झाला. आमच्याकडे कणगी आत बसून विणतात. विणणारी बाई मध्ये बसते, गवताची वेणी स्वतःभोवती फिरवत नेते, आणि भिंत खांद्याला लागली की बाहेर उडी मारते. माझी विणणारी म्हातारी उडी मारताना माझ्यावरच आपटली. तेव्हापासून मी डावीकडे थोडी कलले आहे. ती खूप हसली होती. त्या हसण्यावर माझा अजून जीव आहे.

माझ्या बहिणींच्या वाट्याला ज्वारी आली, माझ्या वाट्याला गांजा. आमच्याकडे त्याला मातेक्वाने म्हणतात. नाक मुरडू नका. त्या डोंगरात मक्याच्या ओळींमध्ये चार रोपे कोणाची नसत? बाळंतिणीला, पोट धरलेल्या घोड्याला, झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याला थोडा थोडा लागेच.

म्हातारीनंतर मी तिच्या सुनेकडे, मा-खेथांगकडे आले. मा-खेथांग म्हणजे खेथांगची आई. एप्रिलमध्ये ती रोपे कापी आणि छपराखाली उलटी टांगी. ऊन लागू देत नसे. म्हणे, ऊन रंगही खाते आणि गुणही खाते. आठ-दहा दिवसांनी देठ वाकवून बघे. कट्‌ करून मोडला तर पाने खुडून टाकून फुलांच्या कणसांनी मला भरे, गळ्यापर्यंत कधीच नाही, वर हातभर जागा ठेवून. मग तीन आठवडे रोज सकाळी झाकण काढी, हात घालून खालचे वर करी, वास घेई. पहिल्या दिवसांत ओल्या गवताचा वास येतो. हळूहळू तो जाऊन सुक्या फळासारखा गोडसर येऊ लागतो. तो आला की मगच शेणमातीने झाकण लिंपायचे. डोंगरापलीकडच्या बायका येऊन विचारत, "मा-खेथांग, तुझा माल बुरसत कसा नाही गं?" ती माझ्यावर थाप मारून म्हणे, "हिला विचारा. मी फक्त उघडते."

हे सगळे ती नवऱ्यासाठी करी. रा-खेथांग, म्हणजे खेथांगचा बाप, सव्वीस वर्षे सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत होता. सोने तिथेच राहिले, धूळ त्याच्या छातीतून घरी आली. चिमूटभर गांजा दुधात उकळून ती त्याला संध्याकाळी देई. खोकला त्याने बरा होत नसे. पण म्हातारा झोपे. एप्रिलमध्ये भरलेली मी सप्टेंबरपर्यंत पुरायचे, म्हणजे थंडी सरेपर्यंत त्याची झोप माझ्या पोटात असायची.

त्या वर्षी रोपे टांगलेली असतानाच निरोप आला, मा-खेथांगची बहीण फार आजारी आहे. देठ अजून नीट मोडत नव्हते, नुसते वाकत होते, तरी तिने घाईने मला भरले. निघताना तिने मुलाला बजावले.

"रोज सकाळी झाकण काढ. खालचं वर कर. घोड्याला पाणी पाजून येशील तेवढा वेळ उघडी ठेव."

"कळलं, म्मे," तो आईला म्हणाला. "लहान पोर आहे का मी?"

"पोर असतास तर ऐकलं असतंस."

खेथांगने तीन दिवस झाकण काढले. चौथ्या दिवशी लोकर कातरायला न्यायच्या मेंढ्या डोंगरावरून गोळा करायच्या होत्या. त्याने मला बघितले, बाहेरच्या ज्वारीच्या कणग्यांकडे बघितले. त्या कशा, भरल्या की लिंपल्या, किड्याचे भय नाही! "कणगी ती कणगी," तो म्हणाला आणि ओले शेण आणून माझे झाकण चारी बाजूंनी लिंपून टाकले. वर अंगठ्याने छान नक्षी काढली. नक्षी! मित्रांनो, माझा श्वास कोंडत होता आणि हा गाढव गुणगुणत होता.

दोन दिवसांत मी आतून तापले. मग ओलसर झाले. मग मला माझीच किळस येऊ लागली.

आता सुनेचे सांगते. खेथांगच्या बायकोला या घरात येऊन चारच महिने झाले होते. तिला मा-लिपुओ म्हणत. लिपुओ अजून जन्मायची होती, पण आईचे नाव सासरच्यांनी आधीच ठेवून दिले होते. तिच्या माहेरी घरभर गांजा वाळत असे. पण आमच्याकडे बकरे कापून रीतसर आत घेईपर्यंत नव्या सुनेने सासऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्याशी थेट बोलायचे नाही. आणि मी तर सासऱ्याच्याच घरात, मागच्या गार भिंतीशी. मा-लिपुओ जेवणाची थाळी उंबऱ्यावर ठेवून मागे फिरे. सहाव्या दिवशी ती फिरली नाही.

"अहो, आतून मुताचा वास येतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

"आजारी म्हाताऱ्याचं घर आहे. गुलाबाचा येईल का?"

"माणसाच्या नाही, शेळ्यांच्या गोठ्यासारखा. गांजा घामेजलाय. लिंपण फोडा."

"चार महिने नाही झाले, आणि माझ्या आईच्या कणगीत नाक खुपसतेस?"

"नाकच खुपसतेय. हात घालायची परवानगी कुठंय?"

खेथांग हसत मेंढ्या घेऊन गेला. दहा दिवसांसाठी.

मा-लिपुओ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. समोर एक कोंबडी माती उकरत होती. ती तिच्याशीच मोठ्याने बोलू लागली.

"ए कोंबडे, तुला सांगते. मागच्या कणगीतलं बुरसतंय. ज्याच्या छातीत आधीच धूळ आहे त्यानं ते प्यायलं, तर काय होईल गं?"

आत खोकला थांबला. म्हातारा म्हणाला, "कोंबडे, तिला सांग, माझं नाक खाणीत राहिलं. मला गुलाबही कळत नाही आणि गोठाही. तिला कळतं तर तिनं आत यावं."

"कोंबडे, सुनेला मनाई आहे."

"कोणाच्या मानासाठी? माझ्याच ना?" म्हातारा बराच वेळ खोकला. मग त्याने घोंगडी ओढली, भिंतीला धरून उठला आणि चौदा पावले चालून अंगणात जाऊन बसला. "कोंबडे, घर आता रिकामं आहे. रिकामं घर कोणाच्या सासऱ्याचं नसतं."

मा-लिपुओ आत आली. वरवंट्याने तिने ती नक्षी फोडली. झाकण निघाले तेव्हा तिला ओकारी आली, पण ती मागे सरली नाही. एकेक कणीस हातात घेऊन तिने वास घेतला. पांढरी बुरशी धरलेले वेगळे काढून शेताबाहेर पुरले. उरलेले सावलीत पसरले, पुन्हा वाळवले, पुन्हा मला दिले. निम्मे उरले होते.

त्यानंतर रोज सकाळी मला उघडायचे, म्हणून रोज सकाळी म्हातारा बाहेर जाऊन बसे. मे महिना होता, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याची सुरुवात. गवतावर दहिवर गोठलेले असे. ज्याची छाती फुटकी तो गारठ्यात, आणि घरात चूल पेटलेली! सून आत कामाची घाई करी, बाहेर तो खोकत ओरडे, "कोंबडे, तिला म्हणावं सावकाश कर, मला ऊन मिळतंय." ऊन कुठले? डोंगरामागून यायला अजून तासभर असे.

मा-खेथांग परतली तेव्हा झाकण काढून तिने निम्माच उरलेला माल बघितला. मग मुलाकडे वळली.

"मी काय सांगितलं होतं?"

"मला वाटलं ज्वारीसारखंच—"

"आणि बायकोनं सांगितलं तेव्हा काय वाटलं?"

त्याच दिवशी तिने सुनेच्या हाताला धरून तिला उंबरा ओलांडवला. कोणाला विचारले नाही, बकरे कापले नाही. इतके सोपे होते ते. म्हणून तर मला संताप येतो!

मी जुलैच्या मध्यात रिकामी झाले. बाहेर बर्फ होते. ऑगस्ट संपण्याआधी रा-खेथांग गेला. लोक म्हणाले, खाणीने नेला. खाणीनेच नेला, मीही तेच म्हणते. पण शेवटचे चाळीस दिवस तो बसून होता, झोपला नाही, ते खाणीचे नव्हते. ते अंगठ्याच्या नक्षीचे होते.

आता मला मा-लिपुओ भरते आणि तिच्या वेळेला उघडते. खेथांग जवळ येऊन बसतो, हात पुढे करतो, ती देईल तेवढे कणीस वर-खाली करतो. मला तो अजून आवडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गांजा नसेल. धान्य असेल, औषध असेल, आजारी माणूस असेल. काहीतरी झाकलेले असेलच, आणि त्याचा वास सगळ्यांत आधी कोणाला तरी येईल. ती घरातली सगळ्यांत नवी बाई असेल, नाहीतर सगळ्यांत लहान मूल. तिला उंबऱ्यावर उभी करून कोंबडीशी बोलायला लावू नका. माणूस गारठ्यात बसायच्या आधी तिला आत घ्या.