पट्टा दिसला की हात खिशात

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. खिळ्यावर टांगलेला दिसतो म्हणून मला गरीब बिचारा समजू नका. दहा वर्षं मी एका कुत्र्याच्या पाठीवर आणि एका बाईच्या डाव्या हातात काढली आहेत. माझा रुबाब अजून गेलेला नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने शिवलं. छातीभोवती चामड्याची वादी आणि पाठीवर घट्ट दांडी. "ही दांडी वाकली, तर माझं नाव लावू नका," असं तो म्हणाला होता. कुत्रा जरा थबकला किंवा वळला, की दांडीतून त्या बाईंच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या हाताला कळायचं. ताईंना दिसत नाही. त्या इस्पितळात टेलिफोनवर बसतात. कुत्रा इतका गंभीरपणे चालायचा, की गल्लीने त्याचं नाव मास्तर ठेवलं.

गल्लीचा त्याच्यावर भारी जीव, आणि तिथेच घात झाला. बेकरीवाले काका त्याला रोज येताजाता बिस्किट भरवत. पहिल्याच वर्षी एका सकाळी ताज्या ट्रेचा वास आला आणि मास्तर काम विसरून तिकडे वळला. ताईंचं कपाळ टेम्पोच्या उघड्या फळीवर आपटलं. तीन टाके पडले.

इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून घेतलं. "या कुत्र्याचा भरवसा नाही. उद्यापासून तो आत येणार नाही."

"मग मीही येणार नाही," ताई म्हणाल्या. "माझे डोळे दाराबाहेर बांधून मी कामाला बसत नाही."

मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांचा आवाज जराही हलला नाही. इतक्या वर्षांची नोकरी त्यांनी एका वाक्यात पणाला लावली होती.

काकांना हे कळलं, तेव्हा ते पिठाच्या हातांनीच व्यवस्थापकांच्या खोलीत शिरले. "साहेब, चूक माझी आहे. मुक्या जनावराला शिक्षा कशाला? एक दिवस मागून चालून तर बघा." व्यवस्थापक नाइलाजाने तयार झाले.

मग काकांनी दुकानादुकानांत जाऊन बजावलं, "पट्टा दिसला की हात खिशात. लाड नंतर."

दुसऱ्या दिवशी टेम्पो लांब उभा होता. फुटपाथवरच्या स्कूटर हलल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी आपलं स्टूल आत ओढलं होतं. बेकरीपुढे मास्तर थबकला. त्याची ओढ मला दांडीत कळली आणि माझा जीव टांगणीला लागला. काका दोन्ही हात खिशात घालून पाठमोरे उभे राहिले.

"पुढे," ताई म्हणाल्या, आणि मास्तर पुढे निघाला.

इतक्यात मागे कागद वाजला. परीक्षा घ्यायची म्हणून व्यवस्थापकांनी स्वतःच बिस्किट बाहेर काढलं होतं. काकांनी त्यांचं मनगट धरलं. "साहेब, पट्टा आहे." साहेबांचा हात बिस्किटासकट खिशात गेला. मास्तरने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढची नऊ वर्षं तो त्याच दारातून आत गेला.

आता ताईंकडे नवा कुत्रा आहे, नवा पट्टा आहे. मास्तर माझ्या खिळ्याखाली घोरत पडतो. काका रोज संध्याकाळी येतात आणि मागचं सगळं राहिलेलं भरवतात.

मित्रांनो, मला तेलपाणी नको आणि कीव तर मुळीच नको. माझ्यासारखा पट्टा रस्त्यात दिसला, तर गाडी हलवा आणि लाडाचा हात आवरा. आणि कोणी त्याला दारात अडवलंच, तर सरळ आत शिरा. हात पिठाचे असले तर पुसायलाही थांबू नका.